समुद्रात न घ्यायचं नाव

"सुसान, सुसान, सुसान. बंदर बोलतंय. सुसान, ऐकू येत असेल तर बोला."

तिने बटण सोडलं आणि कान लावला. वायरलेसमधून खरखर आली, रिकाम्या शिंपल्यातून येते तशी. बाकी काही नाही.

धुकं सकाळीच आलं होतं. आधी त्याने धक्क्याचं टोक गिळलं, मग दिव्याचा खांब, मग खिडकीखालची जाळी वाळत घालायची दोरी. आता खिडकीची काच म्हणजे नुसता एक पांढरा कागद झाला होता. बाकीच्या होड्या चाचपडत, भोंगे वाजवत, एकमेकींना शिव्या घालत परत आल्या होत्या. एक आली नव्हती.

ती एक तिच्या बाबांची होती. ती चालवणारा तांडेल म्हणजे तिचा मोठा भाऊ. आणि होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, निळ्या रंगात लिहिलेलं सुसान हे नाव तिच्या आईचं होतं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी ही होडी बांधली, आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून एकेक अक्षर लिहून घेतलं. वायरलेसच्या खोलीत नोकरी करताना तिला दिवसातून कितीदा तरी आईला हाक मारायला मिळायची. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण तिला ते आवडायचं.

आज तेच नाव घेऊन घेऊन तिची जीभ कोरडी पडली होती.

"परत एकदा," बाबा म्हणाले. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. टोपी हातात पिळून पिळून तिचा बोळा झाला होता.

"बाबा, मी थांबलेच नाहीये."

"मोठ्याने बोल."

"मोठ्याने बोलून वायरलेस लांब जात नाही हो."

बंदराचे साहेब नकाशावर वाकले होते. काचेखालच्या नकाशावर त्यांनी उत्तरेला बोट टेकवलं. "तुमचा दादा जाळं टाकतो ते इथे. लाँच निघून गेली आहे तिकडे. सापडेल. धुक्यात जरा वेळ लागतो, इतकंच."

तेवढ्यात वायरलेस बोलला. आवाज परका होता, शब्द तोलून मापून टाकणारा. बाहेरून चाललेल्या एका मालवाहू जहाजाचा अधिकारी होता. दक्षिणेच्या खडकांबाहेरून जाताना त्यांना एका लहान होडीची हाक ऐकू आली होती. इंजिनाला आग लागली होती, ती विझवली. दिशा दाखवणारं यंत्र जळून गेलं. तांडेलाच्या डोक्याला मार लागलाय. होडी वाहत चालली आहे, कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. मग त्या होडीचा आवाज तुटला.

"होडीचं नाव?" तिने विचारलं.

"बुआ."

साहेबांनी मान वर केली. "कोण बुवा?"

"बुआ म्हणतायत, साहेब."

"अशी होडी आपल्याकडे नाही. माझ्या सगळ्या होड्या मला नावानिशी पाठ आहेत, पोरांची नावं विसरेन एक वेळ." त्यांनी टेलिफोन ओढला. "शेजारच्या बंदराची असणार. त्यांना कळवतो, त्यांची लाँच जाईल."

"पण तांडेल जखमी आहे म्हणतात."

"म्हणून तर लगेच कळवतोय. ताई, आपल्याकडे लाँच एकच. ती मी तुमच्या भावासाठी पाठवली आहे. तिला मागे वळवून दुसऱ्याच्या होडीमागे धाडू?"

तिने पुन्हा बटण दाबलं. "सुसान, सुसान, सुसान. बंदर बोलतंय."

बटण सोडलं, आणि खरखरीत एक बारीकसा आवाज झाला. टक्. कुणीतरी दूर कुठे बटण दाबलं आणि न बोलता सोडून दिलं.

ती वायरलेसवर वाकली. "सुसान?"

टक्.

"कोणीतरी ऐकतंय," ती कुजबुजली. "ऐकतंय आणि बोलत नाहीये."

"बॅटरी गेली असेल," साहेब म्हणाले.

"बॅटरी गेली की आवाज क्षीण येतो, साहेब. हा दाबतोय आणि सोडतोय. माणूस तोंड उघडतो आणि मिटतो, तसा."

आणि मग तिला गेल्या मोसमाची सुरुवात आठवली. घरात जेवणं चालली होती. दूर देशातून आलेले नवे खलाशी दादाने कामावर घेतले होते, आणि त्यांच्यातला इंजिनवाला, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस, दारात येऊन हात जोडून उभा राहिला होता. होडी चांगली आहे, म्हणाला. मालक चांगले. नाव तेवढं नको.

नको म्हणजे काय, असं बाबांनी विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला होता, की आमच्या भाषेत या शब्दाचा अर्थ मेलेल्यांना ठेवायची जागा. हा शब्द आमच्याकडे पाली बोलणाऱ्या भिक्षूंबरोबर आला, तुमच्या स्मशानाचाच भाऊ आहे तो. जमिनीवर तुम्ही म्हणा. समुद्रात आम्ही ते नाव घेणार नाही. आणि समुद्रात कुणी त्या नावाने हाक मारली, तर ओ देणार नाही. ओ दिली की ते बोलावणं स्वीकारल्यासारखं होतं.

बाबांनी ताट सरकवलं होतं. "माझ्या बायकोच्या नावाला स्मशान म्हणणाऱ्याचा पाय माझ्या होडीला लागायला नको."

दादाच मग त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. परत आला तेव्हा भाताचा गार झालेला घास तोंडात टाकत म्हणाला, मिटलं. कसं मिटलं, असं तिने विचारलं तर म्हणाला, मिटलं ना, झालं तर मग.

"बाबा," ती म्हणाली. "दादाने त्या लोकांची समजूत कशी काढली होती?"

"मला काय ठाऊक! तुझा दादा आणि त्याच्या युक्त्या."

तिने मालवाहू जहाजाला बोलावलं. "ती होडी कोणत्या भाषेत बोलत होती?"

"मला कळत नव्हती. आमच्या एका खलाशाची तीच भाषा आहे, त्याने बोलणं घेतलं."

"त्याला विचारा, बुआ म्हणजे काय?"

साहेबांचा फोन अजून शेजारच्या बंदराला लागत नव्हता. तो कानाला तसाच धरून ते वैतागले. "ताई, शब्दांचे अर्थ विचारायची ही वेळ आहे का?"

वायरलेस खरखरला. "तो म्हणतो, कमळ. पाण्यातलं फूल. त्यांच्याकडे मुलींचंही नाव असतं."

मागे स्टूल आपटलं. बाबा उभे राहिले होते.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच तिला कळलं, की बाबांना काहीतरी समजलंय. "काय झालं?"

"काही नाही."

"बाबा!"

"तुझ्या आईच्या नावाचा तोच अर्थ आहे," बाबा म्हणाले. प्रत्येक शब्द काट्यासारखा काढत होते. "कमळ. फार जुना अर्थ. तुझ्या आईकडच्या आजोबांनी कुठूनसा शोधून आणला होता. मी फक्त तुझ्या दादाला सांगितला होता."

खोलीतला पांढरा उजेड एकदम थंड झाला. तर अशी ती युक्ती होती. दादाने आईचं नाव टाकलं नव्हतं. त्याने ते उचलून दुसऱ्या भाषेत ठेवलं होतं, लेकराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तसं. आणि बाबांच्या रागाला भिऊन किनाऱ्यावर कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे तांडेल जखमी म्हणजे दादा जखमी, एरवी बंदराच्या हाकेला ओ देणारा तोच. म्हणजे होडी उत्तरेला नाही, दक्षिणेला आहे, खडकांकडे वाहत चालली आहे, आणि लाँच तिच्याकडे पाठ करून चालली आहे. आणि आगीतून वाचलेल्या, धुक्यात अडकलेल्या त्या माणसांना सकाळपासून एक बाई हाका मारते आहे: स्मशान, स्मशान, स्मशान.

तिने बटणाकडे हात नेला. बाबांचा हात तिच्या हातावर येऊन पडला. जड, ओला, मिठाने फुटलेला हात.

"ते माझ्या होडीचं नाव नाही."

"बाबा, हात काढा."

"तिच्या नावाने ओ देत नाहीत? तिच्या होडीवर बसून? तिच्या जिवावर चार पैसे..."

"दादा आहे तिथे! आईच्या नावाने कोणी ओ देत नाही म्हणून तुम्ही आईच्या मुलाला बुडू देणार?"

हे बोलल्यावर तीच दचकली. या आवाजात ती बाबांशी कधी बोलली नव्हती. साहेबांनी फोन हळूच खाली ठेवला.

बाबा खिडकीकडे बघू लागले. खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"तो इंजिनवाला खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले. "मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. तुझ्या आजोबांनी तोही अर्थ आणला होता, कुठल्यातरी बंदरातून. मला सांगायची त्यांची छाती झाली नाही, लेकीला, तुझ्या आईला सांगितला. ती हसत सुटली. दिवसभर हसत होती. मला म्हणाली, बरं झालं, म्हणजे कुठेही उंडारलात तरी शेवटी माझ्याकडेच याल." त्यांनी दुसऱ्या हाताने टोपी चुरगाळली. "आणि आधी स्वतःच गेली. त्या माणसाने दारात उभं राहून तो शब्द काढला ना, तेव्हा मला वाटलं, याला कुणी सांगितलं आमच्या घरातलं?"

त्यांनी हात काढून घेतला.

तिने बटण दाबलं. "बुआ, बुआ, बुआ. बंदर बोलतंय. बुआ, बोला."

खरखर. टक्. मग त्या इंजिनवाल्याचा आवाज, घसा बसलेला, धुराने काळवंडलेला. "कोण? कोण बोलतं?"

साहेबांनी वायरलेसचा दुसरा संच उचलला आणि लाँचवाल्यावर ओरडले, "वळ! मागे वळ, दक्षिणेला, खडकांकडे! होय रे बाबा, तीच होडी. तीच! नावाचं नंतर सांगतो!"

"मी तांडेलाची बहीण," ती म्हणाली. "दादा कसा आहे?"

"आधी ती बाई कोण होती? तिकडचं नाव घेऊन बोलावत होती ती?"

"मीच होते. चुकले मी. आता नाही बोलावणार. दादा कसा आहे?"

"डोकं फुटलंय. कापड बांधलंय, पण कापड ओलं होत राहतं. मधेच डोळे उघडतो, मधेच नाही. खाली पाणी येतंय. लाटा फुटताना ऐकू येतात, कुठल्या बाजूला ते कळत नाही."

लाँचवाल्याचा आवाज मधे घुसला. "ताई, त्याला बोलत ठेवा. माझ्याकडची सुई आवाजाची दिशा दाखवते, पण तो बोलतो तेवढाच वेळ. गप्प बसला की मी आंधळा. कायपण बोलू दे, बोलू दे फक्त."

"ऐकलंत?" ती म्हणाली. "बटण सोडू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

तो चाचरत म्हणाला, "मालक आहेत तिथे?"

तिने बाबांकडे पाहिलं. "आहेत."

वायरलेस गप्प झाला. लाँचवाला ओरडला, "सुई फिरायला लागली! बोलवा त्याला!" तिने दोनदा बोलावलं. टक् झालं, आणि पुन्हा काही नाही. मरणाच्या दारातही त्या माणसाला मालकाची भीती वाटत होती.

बाबांनी तिच्या हातातून माइक घेतला. उलटा धरला होता, तिने सरळ करून दिला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. मग थांबले. ओठ नुसते हलले. आणि मग, एखादी जड पेटी उंबऱ्यावरून उचलून आत ठेवावी तसं, "बुआ. बुआ, बुआ. बंदर बोलतंय."

पलीकडून श्वास ऐकू आला. "मालक, ते नाव तांडेलाने... आम्ही तुमचा अपमान..."

"ते राहू दे. मला सांग, कमळाला बुआ म्हणता. मग कमळाच्या पानाला काय म्हणता?"

"पानाला? बाइ."

"बाइ? आमच्यात बायकांना म्हणतात."

एक खोकला आला. तो हसण्याचाही असू शकत होता.

"आणि पाण्याला?"

"नाम."

बाबा क्षणभर थबकले. "पाण्याला नाम? आमच्याकडे नाम म्हणजे नाव रे. सांग, आणखी सांग. कमळं कुठे बघितलीस? तू बोल, मी कमी बोलतो."

"घरामागे तळं होतं, मालक. आई पहाटे उतरायची, छातीपर्यंत पाण्यात. कळ्या काढायची. देठात भोकं असतात, आम्ही त्यातून पाणी ओढायचो. तांडेलाला हे सांगितलं मी. तो म्हणाला, माझ्या आईच्या नावातपण कमळ आहे. मग आम्हाला भीती नाही वाटली..."

"सुई थांबली!" लाँचवाला म्हणाला. "असाच. असाच बोलू द्या."

तो बोलत राहिला. बाबा विचारत राहिले. बोलता बोलता बाबा त्याला सासऱ्यांचं सांगू लागले. ते मालवाहू जहाजावर स्वैपाकी होते. प्रत्येक बंदरात भाजी घ्यायला उतरले की भाजीवाल्याला, हमालाला, देवळातल्या पुजाऱ्याला विचारायचे, माझ्या लेकीचं नाव असं आहे, तुमच्यात त्याला काही अर्थ आहे का? मिसर देशात एकाने सांगितलं, आमच्या पूर्वजांच्या भाषेत याच्यासारखाच शब्द होता, कमळाचा. दुसऱ्या किनाऱ्यावर हिब्रू बोलणारी एक म्हातारी म्हणाली, कमळ कसलं, आमच्यात ते लिलीचं फूल, आणि आताची पोरं गुलाबालाही तेच म्हणतात. फारसी बोलणारा एक दुकानदार म्हणाला, सोसन, सोसन, आमच्या बागेत आहे. "फूल बदलत गेलं," बाबा म्हणाले, "म्हातारा प्रत्येक वेळी परत येऊन लेकीला सांगायचा, या खेपेला तू अमकं फूल. तू सांग, तुझ्या आईचं नाव काय?"

इंजिनवाल्याने सांगितलं. त्याचा अर्थ काय, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि आवाज तुटला.

"हॅलो," बाबा म्हणाले. "अरे, अर्थ सांग की!"

खरखर.

"बुआ! बुआ, बुआ!"

लाँचवाल्याचा आवाज आला, "सुई गेली. पण जवळ असणार. खडकांवरचं पाणी ऐकू येतंय मला. इंजिन मंद करतो. भोंगा देतोय."

तिने बाबांच्या सदऱ्याची बाही धरली होती, लहानपणी बाजारात धरायची तशी. साहेब नकाशावर दोन्ही तळवे टेकून उभे होते, जणू नकाशाच उचलून त्या होडीला किनाऱ्यावर ओततील.

मग वायरलेस उघडला. कुणी बोललं नाही. आरडाओरड, पाण्याचे फटके, आणि त्या सगळ्याच्या वर, लांब आणि खालच्या स्वरात, लाँचचा भोंगा.

"दिसली!" लाँचवाला म्हणाला. मग बराच वेळ नुसत्या हाका. दोर टाक. धर. डोकं सांभाळ त्याचं. आधी त्याला. शेवटी तो धापा टाकत वायरलेसवर आला. "सगळे वर घेतले. तांडेल श्वास घेतोय. शुद्धीवर आहे, पण रक्त थांबत नाही. मालकांना विचारा, होडीचं काय करू? अर्धी भरली आहे, पण तरंगतेय. दोर बांधून ओढली तर वाचेल. पण मग रांगत यावं लागेल. सोडली, तर सुसाट येतो."

सगळी मिळकत ती होडीच होती, आणि नुसती मिळकत नव्हती. माइक बाबांच्याच हातात होता.

"सोड," बाबा म्हणाले.

"मालक, नक्की?"

"सोड म्हणतो ना! पळव लाँच."

पलीकडून पुसट, ओल्या कापडातून आल्यासारखा आवाज आला. "बाबा... आईची होडी..."

"गप बस तू. डोकं धरून बस. घरी आल्यावर बोलू, पुष्कळ बोलायचंय तुझ्याशी." आणि माइक तिच्या हातात देऊन बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. तिने तिकडे पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "ताई, काम संपलेलं नाही. रिकामी होडी धुक्यात वाहते आहे, बाहेर जहाजं आहेत. कुणी आदळलं तर आणखी माणसं जातील. सगळ्यांना इशारा द्यायला हवा. नाव, रंग, जागा."

तिने माइक तोंडाजवळ धरला. नाव. ही हाक सगळीकडे ऐकू जाणार होती. लाँचवरही, जिथे दादा आणि त्याचे खलाशी ओल्या घोंगड्यांत बसले होते, खडकांच्या आवाजात, अजून किनाऱ्यापासून दूर.

"सुसान सांगा," साहेब म्हणाले. "नियमाने तेच. दुसरं नाव कुणाला माहीत नाही, नोंदीतही नाही."

ती बाबांकडे वळली. ते अजून भिंतीकडेच बघत होते.

"बाबा?"

"पोरं अजून समुद्रात आहेत ना?"

"आहेत."

"मग बुआ सांग." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "आणि साहेब, तुमचा नियम पाय जमिनीला लागल्यावर पाळू. तोवर माझं ऐका."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग धुक्याकडे, आणि मान हलवली.

"सर्व जहाजांना, सर्व होड्यांना इशारा," ती म्हणाली. "दक्षिणेच्या खडकांजवळ एक रिकामी होडी वाहते आहे. पांढरी, नाळेवर निळी अक्षरं. नाव बुआ. माणसं सुखरूप आहेत. पुन्हा सांगते. नाव बुआ."